मास्तरांचा टेपर

जेवणाची सुट्टी संपून माणसं हात पुसत आपापल्या जागेवर येत होती, तेव्हा साहेबांनी तिच्या टेबलावर एक लाकडी खोकं आणून ठेवलं आणि म्हणाले, "हा मास्तरांचा टेपर. हवामानाच्या रडारचं काम वरून पुन्हा सुरू झालंय. तेवढा मोजून द्या, म्हणजे पुढे पाठवता येईल." एवढं बोलून ते गेले. नवरा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत त्याचं नाव तिच्यासमोर कुणी असं सरळ घेतलं नव्हतं. निघालंच तर माणसं आवाज खाली आणायची, आजाऱ्याच्या खोलीत आणतात तसा, आणि मग घाईघाईने भलतंच काहीतरी विचारायची. साहेबांनी ते नाव चहाचा कप ठेवावा तसं ठेवलं. ती खोक्याकडे बघत राहिली. झाकणावर धूळ होती आणि धुळीत साहेबांच्या बोटांचे ठसे उमटले होते. तिचा नवरा शिक्षक कधीच नव्हता. याच प्रयोगशाळेत तिच्यापेक्षा दोन वर्षं आधी लागलेला इंजिनियर होता, पण समोर कुणीही आलं की, मग तो टेलिफोन दुरुस्त करायला आलेला माणूस का असेना, त्याला धरून समजावून सांगायची त्याला खोड होती, म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याला मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. लग्नानंतर तीही चारचौघांत मास्तरच म्हणायची. घरी रागावली की जास्तच.

समजावून सांगायचा तो हेच. एका रुंद चौकोनी नळीतून लहरी येताहेत आणि पुढे त्यांना अरुंद नळीत शिरायचंय. दोन नळ्या नुसत्या एकमेकींना जोडून दिल्या तर सांध्यावर लहर ठेचकाळते. थोडी पुढे जाते, उरलेली आल्या वाटेनं मागं फिरते आणि ज्यानं पाठवली त्या यंत्राच्याच अंगावर येते. म्हणून मध्ये निमुळता तुकडा घालायचा. तोच टेपर. "लहरीला उंबरठा दिसता कामा नये," तो नव्या माणसाला सांगायचा, हाताचे तळवे समोरासमोर धरून ते हळूहळू जवळ आणत. "तिला कळायलाच नको आपण कधी एका घरातून दुसऱ्या घरात आलो ते." टेपर जितका लांब तितकं परत येणं कमी, पण लांबीला जागा लागते आणि जागा कुणीच देत नाही, म्हणून सगळी करामत आकारात. कडा किती उताराने वळवायच्या, सुरुवातीला किती, मध्ये किती. त्याला दोन्ही टोकांना मुद्दाम एकेक बारीक पायरी ठेवणारा आकार आवडायचा आणि तिला अखंड गुळगुळीत. यावरून त्यांची भांडणं व्हायची आणि ती भांडणं त्यांच्या लग्नातली सर्वांत सुखाची. "थोडंसं परत येऊ द्यावं," तो म्हणायचा. "सगळंच गिळायला गेलं की नळी मैलभर होते." मग दोघं एकमेकांची गणितं तपासायची. त्याचं काम तिच्या हाताखालून गेल्याशिवाय वर्कशॉपात जात नसे आणि तिचं त्याच्या. वीस-बावीस वर्षं हा रिवाज चालला. या खोक्यातला तुकडा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. त्यानं तो परस्पर करायला दिला होता आणि पुढे कधीतरी हे कानावर आलं तेव्हा तिला ते अपमानासारखं लागलं होतं. विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि विचारलं नाही.

झाकण काढून तिनं तो उचलला. तांबं काळवंडलं होतं, आतला पृष्ठभाग अजून लखलखत होता. हातात घेतल्या घेतल्या तो हलका लागला. आपला हातच जड झाला असेल, असं तिला वाटलं. गेल्या वर्षभरात तिच्या हाताला वजनांचा अंदाजच राहिला नव्हता. आजारपणात त्याला उचलून बसवायचं, कुशीवर वळवायचं, भरलेली बादली न्यायची आणि मग एक दिवस काहीच उचलायचं नाही. मोजायच्या खोलीत जाऊन तिनं अॅनालायझर चालू केला, तो तापेपर्यंत वाट पाहिली, केबलींची टोकं पुसली, टेपर दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळून बसवला. हे सगळं हात आपोआप करत होते. पडद्यावर रेघ उमटली, जितकी लहर परत फिरते तितकी वर जाणारी. उजवीकडे ती हवी तितकी खोल होती, छान, त्याच्या आवडत्या आकाराच्या सारख्या उंचीच्या लाटा दाखवत. पण डावीकडे, जिथं लहरी लांब होतात त्या टोकाला, रेघ वर चढत गेली होती. इतकी वर की तिनं आधी केबल हलवून बघितली. मग स्क्रू सोडून परत आवळले. मग यंत्राचं माप पहिल्यापासून लावून घेतलं, ज्याला पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तास जावा असंच तिला वाटत होतं. टेपर उलटा करून जोडला. रेघ तशीच. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारीचं दार पुन्हा पुन्हा लावत होतं आणि ते लागत नव्हतं.

काचेचा दरवाजा ढकलून नवी मुलगी आत आली. ती आता तशी नवी नव्हती. मास्तरच्या हाताखाली त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात लागली होती, पण नाव पडलं ते पडलं. ती पडद्याकडे न बघता टेपरकडेच बघत म्हणाली, "मॅडम, हा मास्तरांचा ना? हात लावू?" आणि तिनं खरंच एका बोटानं त्याला हात लावला. "त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नळीतली लहर मोकळ्या हवेतल्या लहरीपेक्षा लांब असते, हे विसरलीस तर घरी जा. एकाच दिवशी तीनदा सांगितलं. मला वाटलं, मी ढ दिसतेय म्हणून."

"तीनदा?"

"सकाळी, जेवताना आणि निघताना. शब्दन् शब्द तोच." मुलगी हसली, मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं कारण मॅडमचं लक्ष नव्हतं. "मी नंतर येऊ का?"

"ये नंतर," ती म्हणाली.

एकटी झाल्यावर तिनं पट्टी घेतली आणि टेपरची लांबी मोजली. मग समोरच्या छापील कागदाच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं, जसं पहिल्या वर्षी मांडायची तसं, एकेक ओळ. रुंद तोंड, अरुंद तोंड, मधल्या प्रत्येक जागी लहर किती लांबेल, आणि त्यावरून तुकडा किती लांब हवा. आलेला आकडा हातातल्या तांब्याशी जुळेना. टेपर आखूड होता, चांगला चार बोटं. मग एक विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो दोनदा झटकला. शेवटी तेच गणित तिनं नळी नसल्यासारखं करून पाहिलं, लहर जणू मोकळ्या मैदानातून चालली आहे असं धरून. आकडा तंतोतंत जुळला. टेपर बरोबर तेवढाच होता. ही चूक कॉलेजातून बाहेर पडलेलं पोर करतं, पहिल्या महिन्यात, आणि मास्तर ती शोधून काढून सगळ्यांना दाखवायचा. चेष्टा करायचा नाही, उलट अगदी मायेनं समजावायचा. बावीस वर्षांत त्याच्या हातून ही एक चूक झाली नसती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी झाली नसती.

तिनं वर्कशॉपला फोन लावला. तिथल्या मुख्य कारागिराला सगळे मामा म्हणत, आणि तेही आता निवृत्तीला आले होते. "तांब्याचा तो निमुळता पीस?" मामा म्हणाले. "आठवतो की. तुमचे वडील दवाखान्यात होते ना, त्या आठवड्यातला. मास्तर स्वतः घेऊन आले होते, म्हणाले, आजच लावा मशिनवर. मी म्हटलं, मॅडमनी बघितलं का? तर म्हणाले, तिला नको त्रास. का हो, काही बिघडलंय?"

"नाही. सहज विचारलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तुमचे वडील दवाखान्यात होते त्या आठवड्यातला. म्हणजे बाबा जायच्या आधी. हे एवढं वाक्य डोक्यात नीट बसायला वेळ लागला, कारण ते बसलं की दुसरं काहीतरी जागेवरून निघणार हे तिला आधीच कळलं होतं. बाबा गेले तेव्हा भावाच्या घरी दिवसभर माणसं येऊन बसत होती. काका बाबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगत होते, त्यांनी पाणी कसं मागितलं आणि ते प्यायला कसे उरले नाहीत. खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं आणि तेवढ्यात मास्तर हसला. तोंड चुकवून वगैरे नव्हे, चांगला मोकळा, गमतीच्या गोष्टीला हसावं तसा. काकांचं वाक्य तोंडातच राहिलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी परत येताना ती म्हणाली, "तू हसलास." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हसलो का? हं." त्या 'हं'मध्ये काहीच नव्हतं. पश्चात्ताप नाही, लाज नाही, कारणसुद्धा नाही. तीन दिवसांनी तिनं आपली उशी उचलून पुस्तकांच्या खोलीत नेली आणि त्यानं ती का नेली हेही विचारलं नाही. मग ते वर्ष. एका छपराखाली राहून दोन भाड्याच्या खोल्यांत राहिल्यासारखं. तो फिरायला येईनासा झाला, वाचेनासा झाला, तासन् तास खुर्चीत बसून राही आणि काही विचारलं की खांदे उडवी. माणूस आतून असा होता आणि आपल्याला इतकी वर्षं दिसला नाही, असं ती स्वतःला सांगायची. तिला वाटायचं, माया आटली की माणसाचा खरा चेहरा वर येतो, तळ्यातलं पाणी आटल्यावर चिखल वर यावा तसा.

त्यानंतर तो बसथांब्यावर कोसळला आणि कपाळामागची गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून विचारलं होतं, "गेल्या एक-दोन वर्षांत स्वभावात काही फरक जाणवला होता का?" ती लगेच म्हणाली होती, "नाही. ते तसेच होते." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पुढे तिनं त्याचं सगळं केलं, कुणी बोट दाखवू नये इतकं नीट केलं. पण मनात तिनं एक रेघ मारून ठेवली होती. बसथांब्याच्या अलीकडे आजार, पलीकडे तो. आजाराला ती क्षमा करत होती, त्याला नव्हती. कधीकधी पहाटे त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसताना त्या रेघेबद्दल तिला शंका यायची आणि ती तिथूनच मागं वळायची, कारण रेघ मागं सरकली असती तर ते अख्खं वर्ष तिच्या पदरात पडलं असतं, उशीसकट. आता ती रेघ बाबांच्याही पलीकडे गेली होती. काका बोलत होते तेव्हा हसला तो, नळीतली लहर लांबते हे गणित मांडताना ज्याला आठवत नव्हतं, तोच होता. तिनं टेपर स्क्रू सोडून काढला, खोक्यात ठेवला, झाकण लावलं. तळहाताला तांब्याचा वास येत होता. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

साहेबांच्या खोलीत जाऊन तिनं खोकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हा चालणार नाही. आखूड आहे. नवा करावा लागेल."

साहेबांनी रेघेचा कागद बघितला. ते स्वतः या कामातले नव्हते, पण चढलेली रेघ कुणालाही दिसली असती. "कापताना चुकलं असेल," ते म्हणाले.

"नाही. कापलंय बरोबर. मुळातच चुकलंय."

"मास्तरांचं?" साहेब खुर्चीत मागं रेलले. थोडा वेळ त्यांनी पेनाचं टोपण काढलं-घातलं. मग दार बंद आहे ना हे बघून म्हणाले, "हे बघा, नव्या मोजमापाच्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं चाललंय, तुम्हाला माहीत आहे. वर असं गेलं की त्यांचं शेवटचं काम चुकलेलं होतं, तर बरं दिसणार नाही. आपण वर्कशॉपवर घालू. मामा काय, निघालेच आहेत घरी. त्यांना काय फरक पडतो?"

"मामांना पडतो."

"मी तुमच्यासाठीच म्हणतोय."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण डिझाइन चुकलंय असंच लिहा. ते तेव्हा आजारी होते, तेही लिहा."

"तेव्हा? अहो, हा पीस तर कितीतरी आधीचा. आजार निघाला तो..."

"आजार आधीपासून होता. मला आज कळलं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात कीव होती आणि कीवेच्या मागं आणखी एक काहीतरी, आणि ते काय हे तिला नेमकं कळलं. नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. जेवायला दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसायची. आता माणूस गेल्यावर बाई त्याची चूक वेशीला टांगायला निघाली आहे, असंच साहेबांना वाटत होतं, उद्यापर्यंत सगळ्यांना वाटणार होतं, आणि ज्यानं त्यांना लहरींचा पहिला पाठ दिला त्याच्या बाजूनं सगळे तिच्याकडे बघणार होते. तिला एक क्षण वाटलं, सांगून टाकावं सगळं. काकांचं, हसण्याचं, उशीचं. पण ते सांगायला सुरुवात कुठून करायची हे सुचेना आणि साहेबांनीही कागद फायलीत सरकवला होता. "ठीक आहे," ते कोरडेपणानं म्हणाले. "तुमची मर्जी. नवा तुम्हीच करा मग." ती बाहेर आली तेव्हा नवी मुलगी कॉम्प्युटरमागून तिच्याकडे बघत होती. मुलीनं नजर वळवली.

घरी जाताना बसमध्ये जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. शेजारच्या बाईच्या पिशवीतून साबणाचा वास येत होता. दोन शाळकरी मुली एकमेकींच्या केसांवरून भांडत होत्या. मामांचं वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, 'तिला नको त्रास.' हे तो का म्हणाला असेल? गणितात काहीतरी घसरतंय हे त्याला कळलं होतं म्हणून तिच्यापासून लपवत होता, की ती दवाखान्यात धावते आहे म्हणून खरंच त्रास नको म्हणाला होता? पहिलं असेल तर तो किती घाबरला असेल. रात्री शेजारी झोपलेला असताना, तोपर्यंत ती शेजारीच झोपत होती, तो जागा असेल का? तिला त्या आठवड्यातला त्याचा चेहराच आठवेना. बाबांच्या नळ्या आठवत होत्या, नर्सचे बूट, भिंतीवरची घड्याळं, सगळं. तो कुठंच नव्हता. कदाचित दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायला येत असेल. कदाचित परत जाताना रस्ता चुकत असेल. आपण बघितलंच नव्हतं. उतरायचा थांबा मागं गेला हे तिला पुढच्या चौकात कळलं आणि ती तेवढी चालत आली, सावकाश, पोचायची घाई नसल्यासारखी.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांचं जेवण चिमणीच्या चोचीएवढं झालं होतं. वाढलेलं ताटात तसंच राहायचं आणि त्या ते पदराआड केल्यासारखं बाजूला सरकवायच्या. दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं. त्या वर्षात त्यांनी सुनेला एकदाही काही विचारलं नव्हतं, आणि न विचारण्याचंही तिला ओझं झालं होतं. आज तिनं पानं मांडली, वाढलं, समोर बसली.

"उशीर झाला," सासूबाई म्हणाल्या.

"काम होतं. त्याचंच एक काम निघालं जुनं."

"त्याचं?" म्हातारीचा चेहरा एकदम उजळला आणि तो उजळलेला बघणं तिला सहन होईना. "लागलं का मग कुठं? तो म्हणायचा, डोंगरावर बसवणार आहेत, वादळ यायच्या आधी कळेल त्यानं."

"नाही आई. नाही लागलं. त्यात चूक होती." मग न थांबता ती म्हणाली, "साधी चूक होती, त्याच्या हातून न होणारी. तो तेव्हाच आजारी होता. माझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा. कुणाला कळलं नाही."

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला आणि भिंतीतून पाणी चढल्याचा आवाज आला. "मला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

तिनं हातातला वाढायचा चमचा खाली ठेवला.

"जिन्यात बसलेला सापडला एकदा. मी म्हटलं, काय रे, दम लागला का? तर म्हणाला, आई, आपला मजला कुठला? मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग माझा हात धरून म्हणाला, आई, आकडे पळतायत गं. धरायला गेलं की पळतात. डोळे असे झाले होते, लहानपणी ताप यायचा तेव्हा व्हायचे तसे. मी म्हटलं, तिला सांगू या. तर म्हणाला, आत्ता नको. तिचे बाबा घरी येऊ दे, मग मीच सांगतो. शपथ घातली मला."

"मग?"

"तुझे बाबा घरी आलेच नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग तो सांगायचंच विसरला."

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की आधी तिला अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिनं पाण्याचा पेला घट्ट धरला. सांगायचं ठरवलेला माणूस आणि हसलेला माणूस यांच्यामध्ये थोडेच दिवस होते, आणि त्या दिवसांत, ती बाबांच्या उशाशी बसलेली असताना, तिची काळजी करणारा तो शेवटचा माणूस हळूहळू निघून गेला होता. त्याला निरोप कुणी दिला नव्हता. आणि त्याच्या जागी जो उरला त्याच्यावर ती वर्षभर रुसून बसली होती.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "नंतर तरी. मी त्या खोलीत झोपायला गेले तेव्हा. वर्षभर, आई."

"कसं सांगू? तू तेव्हा अशी पेटलेली होतीस. म्हटलं, आता बोलले तर तुला वाटेल, म्हातारी पोराची बाजू घेतेय, पोराची लाज झाकायला आजार काढतेय." त्यांनी पदर तोंडावर नेला आणि परत खाली घेतला. "आणि मलाही नको होतं ते खरं व्हायला. वाटायचं, बोललं नाही तर होणार नाही. वय झालं तरी अक्कल येतेच असं नाही."

राग आला होता, खरा, पायापासून चढत आलेला. या म्हातारीला गदागदा हलवावं असं वाटत होतं. आणि त्याच वेळी तिला दिसत होतं की आपल्या दोघींच्या हातात एकच गोष्ट होती आणि दोघींनी ती आपापल्या बाजूनं झाकून ठेवली. एकीनं मायेपोटी, एकीनं रागापोटी. समोरच्या ताटात अन्न गार होत होतं. सासूबाई ताटाकडेच बघत होत्या. ताटाच्या कडेवरून त्यांचं बोट फिरत होतं आणि ओठ हलत होते, काहीतरी आधी मनात म्हणून बघत असल्यासारखे.

"एक विचारू का गं?" त्या म्हणाल्या. "तेव्हाच नेलं असतं, त्या जिन्यातल्या दिवशीच, मी शपथ मोडून तुला सांगितलं असतं आणि आपण नेलं असतं, तर वाचला असता का?"

ऑपरेशनच्या दिवशी तरुण डॉक्टर बाहेर येऊन हातमोजे काढत तिला म्हणाला होता, अजून पुरता कसलेला नव्हता बिचारा, मनात आलं ते बोलून गेला, "वर्षभर आधी आणलं असतं ना, तर सगळी निघाली असती." मग मोठे डॉक्टर आले आणि तो गप्प झाला. ते वाक्य तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा तिला वाटलं होतं, वर्षभर आधी कुणाला काय ठाऊक होतं? म्हणून ते वाक्य कुणाचंच नव्हतं आणि ती ते विसरूही शकली होती. आता त्याला मालकीण मिळाली होती. म्हातारी डोळे न हलवता तिच्याकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत असं काही होतं की हो म्हटलं तर त्या हे ताट सरकवतील ते कायमचंच, हे तिला लख्ख कळलं. दुपारी तिनं एका मेलेल्या माणसासाठीसुद्धा खोटं बोलायचं नाकारलं होतं. साहेबांच्या खोलीत तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

"नाही, आई," ती म्हणाली. "काहीच फरक पडला नसता. डॉक्टरांनी मला सांगितलंय. ती गाठच तशी होती."

"तुला खरंच सांगितलं त्यांनी?"

"हो."

सासूबाईंनी श्वास सोडला. छातीत कितीतरी दिवस धरून ठेवलेला असावा तसा तो लांबत गेला आणि त्यांचे खांदे खाली आले. "तू सांगतेस म्हणजे तसंच असणार," त्या म्हणाल्या. "तू मोजमापातली माणूस. तू उगाच नाही बोलायचीस." त्यांनी ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागल्या, आधी हळूहळू आणि मग भूक लागलेल्या माणसासारख्या, मान खाली घालून. ती तिथंच बसून राहिली. आपलं जेवण राहिलं आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. तरुण डॉक्टरचं ते वाक्य आता एकटीनं सांभाळायचं होतं, आणि सासूबाईंच्या घराण्यातल्या बायका नव्वदीपर्यंत जगतात असं मास्तर नेहमी सांगायचा.

"अजून थोडं वाढ," सासूबाई म्हणाल्या.

तिनं वाढलं.